दोन बाटल्यांसाठी आभार, सिस्टर

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकाचाही त्रास होतो, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. तरी आभार उघड मानायचे आहेत, कारण ज्या बायकांनी हे वाचावं असं वाटतं, त्यांची-माझी ओळख नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी दिवस जात नव्हते. ताप नाही, खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, ह्यांचे रिपोर्ट नॉर्मल. पाळीत रक्तस्राव कमी कमी होत गेला होता, तेवढंच. आधीच्या एका दवाखान्यात गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा काढला, तोही पाळी संपल्या संपल्या, आणि अख्खा फॉर्मलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधाच्या, बाटलीत टाकला. रिपोर्ट आला : विशेष काही नाही. मग ‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध सगळीकडून मिळालं.

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी विचारलंत, “लहानपणी घरात कोणाला टीबी होता का?” होता. आजोबांना. त्यांच्या खाटेजवळच आम्ही नातवंडं झोपायचो. इतक्या तपासण्यांत हा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. श्वासावाटे फुफ्फुसात गेलेला जंतू रक्तातून गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि तिथे वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, हे मला तुमच्याकडून कळलं. जननेंद्रियांच्या टीबीत जवळजवळ प्रत्येकीच्या नळ्या सापडतात, निम्म्याहून जास्त जणींत पिशवीचं अस्तरही. आणि कितीतरी जणींना मूल न होणं हीच पहिली खूण असते.

क्युरेटिंगची, म्हणजे अस्तराचा तुकडा पुन्हा काढण्याची, तारीख तुम्ही पाळीच्या आदल्या दिवसांतली घ्यायला लावलीत. अस्तर दर महिन्याला गळतं, त्यामुळे टीबीच्या गाठी त्यात तयार व्हायला वेळच कमी मिळतो. पाळी तोंडावर असतानाच त्या सापडण्याची शक्यता जास्त. आणि तुकडा निघाल्यावर तुम्ही डॉक्टर मॅडमना म्हणालात, “अर्धा सलाईनमध्ये ठेवते.” फॉर्मलिनमध्ये पेशी टिकतात पण जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कशाची करणार? माझं सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची चाचणी, निगेटिव्हच आलं. या टीबीत जंतू मुळात थोडे असतात, म्हणून निगेटिव्ह म्हणजे नाहीच असं नसतं. फॉर्मलिनमधल्या अर्ध्या तुकड्यानेही काही सांगितलं नाही. काही आठवड्यांनी कल्चर पॉझिटिव्ह आलं, ते सलाईनच्या बाटलीमुळे.

पुढचं काम त्याहून अवघड होतं आणि ते तुमच्या ड्यूटीत कुठेच लिहिलेलं नाही. घरी कुजबुज सुरू झाली होती : तिथल्या जागेचा रोग म्हणजे काय समजायचं? माझं ताट-वाटी वेगळी झाली होती. तुम्ही सासूबाईंना ओपीडीच्या बाकावर बसवून सांगितलंत की हा आजार खोकल्याच्या हवेतून आलेला आहे, आणि फुफ्फुसात नसल्यामुळे हिच्यापासून कोणाला लागणार नाही. क्लॅमिडिया, गनोरियाही नळ्या अशाच खराब करतात आणि बहुतेक बायकांना क्लॅमिडियाचा पत्ताही लागत नाही, हेही सांगितलंत. “ते संबंधातून येतात, पण तिथेसुद्धा बोट दाखवायचं नसतं, दोघांनी औषध घ्यायचं असतं.” सासूबाई गप्प झाल्या. आमच्या घरात हे सहसा घडत नाही.

सहा महिन्यांचा कोर्स सरकारी, फुकट. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार झालेत, त्याचा फॉर्मही तुम्हीच भरून घेतलात. तुम्ही बजावलंत : लघवी नारिंगी झाली तर घाबरू नकोस, ती कोर्समधल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे होते. लाल-हिरवा रंग नीट ओळखता येईना तर तडक ये, ते कोर्समधल्याच इथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं. आणि कोर्स संपेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत, पण गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नकोस, रिफाम्पिसिन त्यांचा असर कमी करतं. यातलं निम्मं तरी गोळ्यांच्या पाकिटाबरोबर छापून मिळायला हवं, असं मला राहून राहून वाटतं.

आता खरी स्थिती. जंतू गेले, पण झालेलं नुकसान औषधाने भरत नाही. उजवी नळी बंद आहे, डावीतून तपासणीचा डाय (रंगद्रव) जातो. अशा नळीत गर्भ अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाळी चुकली की थांबायचं नाही, लवकर सोनोग्राफी करायची, हे तुमचं सांगणं ह्यांनाही पाठ झालंय. पाळी अजून चुकलेली नाही. टेस्ट ट्यूबचा विषय मॅडमनी काढलाय. पैशाचा हिशोब चालू आहे. गोड बातमी आली की पेढे घेऊन जाऊ, असं सासूबाई म्हणत होत्या. मी म्हटलं, आभार त्याच्यावर कशाला अडकवायचे?

त्यांनी तुमच्यासाठी शेंगांची चटणी केली आहे, सोलापुरी, तिखट. पुढच्या ओपीडीला आणते. नाही म्हणू नका.

तुमची,
एक पेशंट