छायाचित्राखालची ओळ

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत उघड्या माळावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या स्त्रीचं छायाचित्र मोठ्या आकारात छापलंत, याचा आनंद वाटला. खाली मात्र ‘अफाट निसर्गापुढे माणसाचे एकाकीपण’ अशी ओळ होती. ती मला पटली नाही. त्या स्त्रीचे खांदे सैल आहेत, भार एका पायावर आहे, सावली आखूड आहे. भर उन्हात ती निवांत उभी दिसते. तिला एकाकी कशावरून म्हणायचं? शिवाय छायाचित्रकार तिच्या मागे उभा आहेच.

आकृती लहान दिसली की आपण लगेच माणसाच्या क्षुद्रतेवर येतो. अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘ग्रिझली जायंट’ या प्रचंड सिक्वोया वृक्षाचं छायाचित्र घेतलं. त्यात बुंध्याशी माणसं उभी आहेत, म्हणून तर झाडाचा आकार डोळ्यांत भरतो. त्यात खंत शोधायची गरज नाही. भिंगाचाही वाटा असतोच. दुरून टेलिफोटो भिंगाने टिपलं तर मागचा डोंगर माणसाच्या अंगावर आल्यासारखा वाटतो, जवळून वाइड अँगलने टिपलं तर तोच डोंगर मागे सरतो.

मला जास्त खटकतं ते माणसाचं प्रतीक करून टाकणं, आणि स्त्रियांच्या बाबतीत तर ते सर्रास होतं. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओशिॲनोच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅरिस विल्सन यांची नग्न छायाचित्रं घेतली. शरीराची आणि वाळूची वळणं कशी जुळतात, यावर सगळे बोलतात. ती जुळतातच, आणि फार सुंदर जुळतात. पण विल्सन स्वतः लेखिका होत्या. पुढच्या वर्षी वेस्टन यांना गुगनहाइम ही अमेरिकेतली नावाजलेली शिष्यवृत्ती मिळाली, तिच्या अर्जाच्या लेखनात विल्सन यांचा हात होता. हे कळल्यावर वाळूवरचं ते शरीर नुसता आकार राहत नाही. छायाचित्रकार ॲन ब्रिगमन तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएरा नेवाडाच्या डोंगरांत कॅमेरा घेऊन जात आणि वादळांनी पिळवटलेल्या झाडांमध्ये स्वतःच उघड्या देहाने उभ्या राहत. तिथे ‘निसर्गात विरघळलेली स्त्री’ असं कोणी म्हणू लागलं, तर दृश्य त्यांनीच रचलं होतं हे विसरून कसं चालेल?

म्हणून विनंती अशी, की पुढच्या वेळी अर्थ सांगू नका, माहिती द्या. छायाचित्र कोणी, कुठे, कधी टिपलं, त्यातली व्यक्ती कोण, आणि तिची हरकत नसेल तर तिचं नावही छापा. अर्थ आम्ही वाचक लावू, आणि त्यावरून भांडूही.

एक नियमित वाचक