आई-बाबा, मी जहाजावर जाते आहे

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा ‘जेवलीस का?’ विचारून मोकळे होतात. म्हणून लिहायला बसले. संक्रांत झाली की मी संशोधनाच्या जहाजावर जाते आहे. होकार कळवून झाला, मेडिकल झाली, यादीत नाव लागलं. पाडव्याच्या आत घरी असेन, गुढीला साखरेची माळ मीच बांधणार.

बाबा, तुमच्या मनात गेल्या श्रावणातलं येणार, माझ्याही येतंच. होकार देण्याआधी मी तुमच्या डॉक्टरांना भेटून आले, तुम्हाला न सांगता. रागावू नका. गोळ्या वेळेवर आणि चालणं रोजचं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. दादा बेंगळुरूहून महिन्याला एक फेरी मारेल. तुमचे जावई एक रविवार आड चोर्ला घाटातून येतील. ते फार बोलत नाहीत, पण औषधांच्या पाकिटावरच्या तारखा वाचतात. शेजारच्या अक्कांकडे घराची एक किल्ली देऊन ठेवली आहे. मी नुसती निघून चालले नाही हो, सगळी व्यवस्था लावून चालले आहे.

माझीही काळजी नको. जहाजावर डॉक्टर असतात, गरम पाणी असतं, वरण-भात असतो. झोपायला चांगली खोली आहे, सोबत आणखी दोघीजणी आहेत. लाटांनी पोटात ढवळतं म्हणे, त्याच्या गोळ्या घेतल्या आहेत. आलेपाक आई देईलच. फोनला रेंज नसेल, पण निरोप येत-जात राहतील. चार दिवस निरोप आला नाही तर उपग्रह रुसला समजा आणि देव पाण्यात घालून बसू नका.

आता का जाते आहे ते. बाबा, तुम्ही आजवर आम्हाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट किती वेळा सांगितलीत! आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा मुलगा, मुंबईला चित्रकला शिकायला गेला, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळला, मग बेळगावात सायकलचं दुकान. त्या गोष्टीच्या बदल्यात आज माझी एक ऐका. खरं तर ही आईसाठी आहे.

आई, मेरी थार्प नावाची एक बाई होती. १९२० साली अमेरिकेत मिशिगनमध्ये जन्मली. वडील सरकारी नोकरीत, शेतजमिनींच्या मातीचे नकाशे करायचे. आधी शिकली इंग्रजी आणि संगीत. मग दुसरं महायुद्ध आलं, मुलगे लढाईवर गेले, भूशास्त्राचे वर्ग रिकामे पडले आणि तेव्हा कुठे तिथल्या विद्यापीठाला मुलींची आठवण झाली. तीही शिकली. तेल कंपनीत नोकरी मिळाली, पण बाहेर शोधमोहिमेवर पुरुष जाणार आणि हिने ऑफिसात बसून त्यांचे कागद लावायचे. तेवढ्यात तिने गणिताचीही पदवी घेऊन टाकली. १९४८ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात काम मागायला गेली, तर एवढ्या पदव्यांच्या बाईचं करायचं काय हे साहेबांना कळेना. शेवटी त्यांनी विचारलं, ड्राफ्टिंग येतं का?

इथे मला हसू आलं आणि तुझी आठवण झाली. उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीत तुलाही एवढंच विचारलं होतं ना? आयटीआयचं सर्टिफिकेट पिशवीतच राहिलं आणि ‘ट्रेसिंग जमेल काय की’ म्हणत स्टूल पुढे सरकवलं. त्या ड्रॉइंग ऑफिसात तू पहिली आणि बरीच वर्षं एकटीच बाई. मोठे साहेब तुला ‘बाई’ म्हणायचे आणि तुझ्यानंतर लागलेल्या पोरांना आडनावाने हाक मारायचे. तू हे हसत सांगायचीस. मला कधी हसू आलं नाही.

मेरीचं काम काय, तर जहाजं समुद्रात आवाज सोडत जायची. तळाला आपटून आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, आलेल्या वेळेचं अर्धं धरायचं, झालं. असे आकडे खोक्यांनी यायचे. ते आकडे कागदावर मांडून तिने उत्तर अटलांटिकचे सहा आडवे छेद काढले. सेक्शन गं, तू पंपाच्या बॉडीचा काढायचीस तसाच, फक्त अमेरिकेपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत. उंची मुद्दाम चाळीस पटीने वाढवून काढायची, नाहीतर एवढ्या लांबीत डोंगरसुद्धा सपाट दिसतात. सहाही छेद एकाखाली एक ठेवले, तर समुद्राच्या मधोमध डोंगररांग. ती असल्याचं आधी माहीत होतं. पण त्या रांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात एक खाच होती, जवळजवळ एका ओळीत. म्हणजे माथ्यावरून लांबच लांब दरी गेलेली. जमीन तिथे फाकते आहे, असा त्याचा अर्थ.

१९५२-५३ ची ही गोष्ट. खंडं सरकतात असं म्हणणाऱ्याला तेव्हा तिकडे वेड्यात काढत. तिच्याबरोबर काम करणारे ब्रूस हीझन यांनी ‘बायकी गप्पा’ म्हणून तिचं म्हणणं उडवून लावलं. ही भांडत बसली नाही, रेघा ओढत राहिली. शेजारच्या टेबलावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा कलाशाळेत शिकलेला, कानाने ऐकू न येणारा तरुण समुद्रातल्या भूकंपांच्या जागा ठिपक्यांनी मांडत होता, त्याच स्केलवर. एक नकाशा दुसऱ्यावर ठेवून खालून दिवा लावला, तर ठिपके नेमके तिच्या दरीत पडले. तेव्हा हीझनसाहेबांना पटलं. १९५९ मध्ये कूस्तो या फ्रेंच दर्यावर्दीने पाण्याखाली कॅमेरा सोडून त्या दरीची फिल्मच लोकांसमोर ठेवली. तोही म्हणे तिचं चूक ठरवायलाच निघाला होता.

मला मात्र दरीपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. ज्या जहाजांवरून ते आकडे येत होते, त्यांवर बायकांना चढू देत नसत. समुद्राचा तळ जगाला दाखवणारी ही बाई वीस वर्षं कोरड्या जमिनीवर बसून होती. १९६८ मध्ये पहिल्यांदा संशोधनाच्या जहाजावर गेली, तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. मधे साहेबांच्या आपसांतल्या भांडणात तिचं लॅबमधलं काम गेलं, तर घरीच टेबलं मांडून तिने नकाशा पुढे नेला. तूही माडीवर बोर्ड लावून जॉबवर्क केलंसच की, मी पाळण्यात असताना. साऱ्या जगाच्या समुद्रतळाचा तिचा नकाशा १९७७ मध्ये पुरा झाला.

बाबा, हे वाचून मनाला लावून घेऊ नका. आईने नोकरी सोडली ती तुमच्यामुळे, असं मला म्हणायचं नाही. आजीचं अंथरूण, मी तान्ही, दादाची शाळा, सगळं एकदमच आलं होतं. आणि रात्री माडीवर आईच्या मागे टेबललॅम्प धरून उभे राहायचात ते तुम्हीच. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की मला कुणी अडवत नसताना मी स्वतःहून घरी बसले, तर त्याला कारण काय सांगू?

गेली कित्येक वर्षं मीही गोव्यात दोनापावलाला खोलीत बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे लावते आहे. हिंदी महासागराच्या तळाशीही तशीच एक रांग आहे, कार्ल्सबर्ग रिज. होय बाबा, तीच बीअर. डेन्मार्कच्या त्या कंपनीच्या संस्थेने मोहिमेला पैसे दिले म्हणून डोंगराला तिचं नाव. इथे आपला भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, आणि आफ्रिकेकडचा भूपट्ट वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. आम्ही तिथेच चाललो आहोत. आपल्या घरात नकाशा म्हटलं की आजोबांची १९५६ ची रेघ, बेळगावला म्हैसूर राज्यात टाकणारी, निघायची आणि जेवणं थंड व्हायची. या नकाशात भांडायला कुणाचं गाव नाही, हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग कशाला काढता!

आई, तुझ्या उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर मी पहिली नदी गिरवली ती मार्कंडेय. शाई पसरली की तू ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायचीस आणि नखाने घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचीस. मी श्वास रोखून बघायचे. बाबा मला खांद्यावर घेऊन तिसऱ्या रेल्वे गेटला गाडी दाखवायला न्यायचे, तिथेसुद्धा माझ्या मुठीत तुझी टू-एच पेन्सिल असायची. आता एवढी घोडी झाले तरी आजारी पडले की मला तुमच्या दोघांच्या मधेच झोपायचं असतं.

बरं, आता नीट वाचा. बाबांनी माडीवर झोपायचं नाही, पलंग खाली आणलाय तो खालीच राहील. पहाटे थंडी असते, उजाडून ऊन पडल्याशिवाय फिरायला बाहेर पडायचं नाही, तोवर तरुण भारत वाचायचा. मफलर. कपिलेश्वराला पायी जायचं नाही, रिक्षा करायची, आणि रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करायची नाही. आईने दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. एक डोळा झाला तेव्हा डोळ्याचं माप दोन वेळा घ्यावं लागलं एवढंच ना? मी आले की पाडव्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घेतली आहे, पैसे भरले आहेत. निपाणीच्या मावशीला महिनाभर राहायला बोलावलंय, ती येतेच आहे, तिच्यासमोर दोघांनी तरी अबोला धरू नका.

बाबा, फडताळात वरच्या कप्प्यात कुंद्याचा डबा आहे हे मला आणि अक्कांनाही माहीत आहे. त्यांना मी आठवड्याला एकदा उघडून बघायला सांगितलं आहे.

तुमची,
मनी

ता. क. आई, तुझी रॉट्रिंगची पेनं मी मागच्या खेपेला घेऊन आले. एक चालू झालं, दुसऱ्याची निब वाळलीय. कोमट पाण्यात किती वेळ ठेवू ते निघायच्या आत कळव.