निर्लेखनापूर्वी संगणकाची मागची बाजू पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांत फायबर इंटरनेटची जोडणी येऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. मात्र अनेक ठिकाणी भिंतीवर राउटर बसवून, कुणाच्या तरी मोबाइलवर वाय-फाय सुरू करून दाखवले की काम पूर्ण झाले असे मानले जाते, आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप 'यांना नेट लागत नाही' या शेऱ्यासह निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढण्याच्या, यादीत जातात. वास्तविक त्या काळच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये वाय-फाय नसले, तरी मागच्या बाजूला लॅनचे पोर्ट, म्हणजे नेटची केबल लावायची खाच, असतेच. ते बिघडले असल्यास यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर बाजारात सहज मिळतो.

खरी हयगय होते ती केबल टाकताना. केबलमध्ये आठ तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात आणि दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखाच ठेवावा लागतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. घाईत हिरवीच्या जागी निळी आणि निळीच्या जागी हिरवी बसवली, तर जोडीचा पीळ फुकट जातो. अशी केबल चार-पाच मीटरवर कदाचित चालून जाते, पण लांबच्या खोलीत जोडणी वारंवार तुटते आणि दोष मात्र जुन्या संगणकाच्या माथी बसतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही अशीच दगा देते. शुद्ध तांब्याची, टोकांना प्लग नीट दाबून बसवलेली (क्रिंप केलेली) कॅट-५ई प्रकारची केबल शंभर मीटरपर्यंत विनातक्रार चालते.

पोर्टचा दिवा लागूनही नेट येत नसेल, तर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पूर्वीच्या ब्रॉडबँडच्या वेळी कुणीतरी हाताने भरलेला पत्ता तसाच राहिला असेल, तर तो काढून 'आपोआप' हा पर्याय निवडला की पुष्कळदा प्रश्न मिटतो. आणखी एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकाच्या आतल्या मुख्य पाटीवरचा, नाण्याएवढा सेल संपला की संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते, आणि मग जोडणी व्यवस्थित असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. सेल बदलून तारीख दुरुस्त करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

जुनी विंडोज तशीच ठेवून नेट जोडावे, असे मात्र मी म्हणणार नाही. विंडोज ७ चे सुरक्षा-अद्ययावतीकरण जानेवारी २०२० मध्येच थांबले आहे. ६४-बिट प्रोसेसर आणि किमान २ जीबी रॅम असलेल्या यंत्रावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली चालते. ४ जीबी असल्यास काम सुसह्य होते. ज्या संगणकात तेवढीही ताकद नाही, तो खुशाल ई-कचऱ्यात द्यावा, पण अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडेच.

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक संगणकाच्या टेबलापर्यंत केबल टाकून, मुख्याध्यापक किंवा ग्रंथपालांसमोर त्यावर एक संकेतस्थळ उघडून दाखवल्याखेरीज काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होऊ नये, आणि निर्लेखनाच्या प्रस्तावात 'लॅन पोर्ट तपासले' असा रकाना असावा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा