सायक्स आडनावाचा माग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. सायक्सचा चंडोल ज्याच्या नावानं ओळखला जातो तो सायक्स कोण आणि हे आडनाव मुळात कुठलं, असं विचारलंस. माणसाचं उत्तर चटकन देता येतं. कर्नल विल्यम हेन्री सायक्स, जन्म 1790, यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ. मुंबई फौजेतला अधिकारी. 1824 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं त्याला मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं आणि दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी 1832 मध्ये छापून आली. आडनावाचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावं लागेल.

यॉर्कशरच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे लहान ओढा, पाणथळ चर. त्याच्या काठी राहणारा तो ‘डेल सायक्स’. असे ओढे त्या डोंगराळ भागात पावलोपावली आहेत. म्हणून अभ्यासकांचा अंदाज असा, की हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार.

हे तपासायला सुरुवात 1881 च्या ब्रिटिश जनगणनेपासून कर. 3 एप्रिलच्या रात्री कोण कुठे होतं याची ती नोंद. स्वयंसेवकांनी ती पूर्ण उतरवून काढली आहे आणि इंटरनेटवर फुकट पाहता येते. पण नुसती डोकी मोजू नकोस. लंडनमध्ये कुठलंही आडनाव भरपूर सापडतं, कारण तिथे माणसंच भरपूर. दर लाखामागे किती, हे काढ. समजा, एका पूअर लॉ युनियनमध्ये (गरिबांच्या मदतीसाठी गावं एकत्र करून केलेला विभाग) 50,000 वस्तीत 200 सायक्स असतील, तर प्रमाण लाखामागे 400; दहा लाखांच्या शहरात 500 असतील, तर फक्त 50. जिल्हा हे एकक फार मोठं पडतं, म्हणून युनियनच धर. असा नकाशा काढलास की सगळा भर वेस्ट रायडिंगवर, म्हणजे यॉर्कशरच्या पश्चिम विभागावर, त्यातही हडर्सफील्डच्या आसपासच्या खोऱ्यांवर येतो. डोंगरउतारावरची थोडी शेती आणि घरातला लोकरीचा माग, असं दोन्ही असलेल्या कुटुंबांना गाव सोडायची गरज कमी पडे. आडनाव एका जागी दाट होण्यामागे मला हेच मोठं कारण वाटतं.

एक खड्डा सांभाळ. 1974 मध्ये वेस्ट रायडिंग प्रशासनातून गेलं आणि सॅडलवर्थ ग्रेटर मँचेस्टरमध्ये घातलं गेलं. आजच्या सीमा लावून जुने आकडे वाटलेस, तर सॅडलवर्थची अस्सल यॉर्कशरची घराणी तुला स्थलांतरित वाटतील.

मग एकेक पायरी मागे जा. 1 जुलै 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंद. त्याआधी 1538 पासून चर्चच्या पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) नोंदवह्या, पण प्रत्येक पॅरिशची वही इतकी जुनी टिकलेली नसते. वही फाटकी असेल तर बिशपकडे पाठवलेल्या प्रती पाहाव्यात. त्या 1598 पासून पाठवल्या जात. शोधताना ‘वाय’ आणि ‘आय’ ही दोन्ही अक्षरं घालून बघ. जुन्या लिपीत त्यांत फरक करत नसत, त्यामुळे एकाच माणसाचं नाव दोन्ही तऱ्हांनी सापडतं.

त्यामागे 1379 चा पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी. वेस्ट रायडिंगच्या त्याच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. 16 वर्षांवरच्यांवर किमान 4 पेन्स कर आणि नवरा-बायको मिळून एक नोंद, भिकाऱ्यांना माफी. त्यामुळे त्या यादीवरून लोकसंख्या काढू नये, नाव कुठल्या गावात होतं एवढंच पाहावं. शिवाय तेव्हा आडनावं पक्की झालेली नव्हती. बाप ‘डेल सायक्स’ आणि मुलगा ‘अमक्याचा मुलगा’, असंही चाले. बापलेकांचं नाव एकच दिसेपर्यंत त्याला वंशाचं आडनाव म्हणायचं नाही. आणखी मागे वेकफील्ड जहागिरीच्या न्यायसभेचे कागद आहेत, 1274 पासूनचे.

आता यातली खरी गंमत. ऑक्सफर्डचे ब्रायन सायक्स (हो, तेही सायक्सच!) यांनी 2000 मध्ये 48 सायक्स पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. आडनावासारखंच तेही बापाकडून मुलाकडे जातं. 43.8 टक्के, म्हणजे 21 जणांचा नमुना एकच निघाला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर पुरुषांत तो कुठेच नव्हता. निष्कर्ष: आजच्या सायक्स पुरुषांचा मूळपुरुष एकच. उरलेल्यांचं कारण दत्तक, आईकडून आलेलं आडनाव, विवाहबाह्य संतती. असं दर पिढीला सरासरी 1.3 टक्के घडलं असावं.

मला हे अर्धंच पटतं. त्या तपासणीत चारच खुणा (गुणसूत्रावरच्या तुलना करायच्या जागा) होत्या. आज 37 खुणाही सर्रास तपासतात. आणि नाव अनेक ठिकाणी पडल्याचं सुचवणारे कागदही खोटे नसावेत. सुरुवातीला सायक्स अनेक असतील, पण 1348-49 च्या प्लेगनं आणि पुढे मुलगा न झाल्यानं बहुतेक शाखा खुंटल्या आणि एक फोफावली, असं मानलं तर दोन्ही पुरावे जुळतात.

कर्नलसाहेबांना ईस्ट रायडिंगमधल्या स्लेडमियरच्या बॅरोनेट (वंशपरंपरागत किताब असलेल्या) सायक्सांशी जोडायचा मोह तुला होईल. मध्यपूर्वेच्या वाटणीच्या 1916 च्या सायक्स-पिको करारातले मार्क सायक्स त्या घराण्यातले. आडनाव आणि यॉर्कशर एवढ्यावर नातं जोडू नकोस. दोन्हीकडून बाप-मुलगा अशी एकेक पायरी कागदावर मिळायला हवी. ब्रॅडफर्ड पॅरिशमधल्या 1790 च्या बाप्तिस्म्यांपासून सुरुवात कर. अडलास तर कळव.

तुझाच,
मित्र