दुखणं दिसत नाही म्हणून ते खोटं नसतं

महोदय,

आमच्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल सगळं दवाखान्याचंच बोललं जातं, तपासणी, कार्ड, गोळ्या, पण हा आजार असलेली लेकरं दिवसातले पाच-सहा तास शाळेत असतात, तिथे काय होतं यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझी मुलगी आठवीत आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, तिला प्रत्यक्ष आजार आहे. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हातपाय, पाठ, छाती कुठेही भयंकर दुखतं. बाहेरून काहीच दिसत नाही ना, सूज नाही की प्लास्टर नाही. सकाळी हसत गेलेलं पोर दुपारी "मॅडम, पाय खूप दुखून राहिला" म्हणालं की गणिताचा पेपर आहे म्हणून नाटक करते, असंच वाटतं लोकांना. आधीच्या एका शाळेत हे खूप ऐकलंय आम्ही.

आताच्या क्लासटीचर मॅडमनी मात्र पहिल्याच आठवड्यात मला बोलावून सगळं विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं. पाण्याची बाटली बेंचवरच ठेवायची आणि लघवीला जायचं तर विचारायचं नाही, उठून जायचं. साधी गोष्ट वाटते, पण या मुलांना पाणी भरपूर प्यावं लागतं आणि त्यांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून सारखं जावंही लागतं, वर्गात टोमणे बसले की मुली पाणी प्यायचंच सोडतात आणि तिथूनच त्रास सुरू होतो. दुखायला लागलं की तिने कंपास बॉक्स बेंचच्या कडेला उभा ठेवायचा, चारचौघांत सांगायची गरज नाही. मॅडम बघतात, स्टाफरूममध्ये झोपवतात, मला फोन करतात. पीटीच्या सरांनी तिला घरी बसवलं नाही, स्कोअर लिहायला दिला आणि बरं असेल तेव्हा थोडं खेळूही देतात, मध्ये मध्ये थांबवून. गैरहजर राहिली की फळ्याचा फोटो व्हॉट्सअपवर येतो. यातल्या कशालाच पैसा लागला नाही.

पण एका मॅडमच्या चांगुलपणावर किती दिवस चालायचं, पुढच्या वर्षी वर्गशिक्षक बदलले की परत पहिल्यापासून सांगत बसा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, मग शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये यावर एक तास का नको? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आश्रमशाळांत तर आईबाप जवळ नसतात, डिसेंबरच्या थंडीत गार पाण्याने आंघोळ केली की दुखणं उठू शकतं, तिथे गरम पाणी आणि स्वेटर ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे हे अधीक्षकांना कोणीतरी सांगायला पाहिजे. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर पालकांची वाट न बघता १०८ ला फोन करायचा, हे प्रत्येक शाळेच्या ऑफिसात भिंतीवर लिहिलेलं असावं.

आणि ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा हो. दरवर्षी गॅदरिंगला टाळ्या वाजतात आणि अॅडमिट होऊन आलेली पोरं खाली बसून बघतात, त्यांची काय चूक?

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने जून संपता संपता शाळा उघडायच्या आत प्रत्येक शाळेकडून अशा मुलांची माहिती पालकांना विचारून गोळा करावी, ती वर्गात जाहीर न करता फक्त शिकवणाऱ्या शिक्षकांकडे द्यावी आणि मूल वरच्या वर्गात गेलं की तो कागदही सोबत पुढे जावा, एवढी विनंती आपल्या पेपरातून पोचवावी.

एक पालक, चंद्रपूर