मंजे, दुसरी ट्यूब आणू नकोस

कराड, 8 मार्च

प्रिय मंजू,

चेहऱ्यावरच्या डागांचे फोटो मिळाले. खिडकीपाशी उभं राहून काढलेला उजव्या गालाचा तेवढा कामाचा आहे, बाकीच्यांत मोबाईलने आपल्या मनाने चेहरा गुळगुळीत करून टाकलाय. पण मी दचकले ती ट्यूबचा फोटो बघून. हे सगळं फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि सासूबाई शेजारी लसूण सोलत बसलेल्या. म्हणून लिहायला घेतलं. लांबणार आहे, रविवारी निवांत वाच.

आधी ट्यूबचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नाव आहे, शेजारी एका गोऱ्यापान बाईचा गाल. तू तेवढंच पाहिलंस. मी औषधाच्या दुकानातल्या काउंटरच्या सवयीने बाजूची मुंगीएवढी अक्षरं मोठी करून वाचली: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. कडेला उभी लाल रेघ. ती रेघ ज्याच्यावर असते ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. पार्लरवालीने 'नाईट क्रीम' म्हणून तुझ्या हातात ठेवलं ते औषध आहे, मंजे, आणि त्यातलं तिसरं नाव स्टेरॉइडचं आहे.

औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. 1975 साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघांनी असं तिहेरी मिश्रण पहिल्यांदा मांडलं, आणि आजही स्किनचे डॉक्टर वांगावर, म्हणजे गालांवरच्या अशा काळसर डागांवर, ते लिहून देतात. हायड्रोक्विनोन त्वचेतला रंग तयार होणं रोखतं. ट्रेटिनॉइनमुळे वरचा थर लवकर झडतो आणि पहिलं औषध आत पोचतं. या दोन औषधांनी कातडीची आग होते, ती शमवायला स्टेरॉइड. डॉक्टर ते काही आठवड्यांपुरतं देतात, मधे बोलावून चेहरा बघतात आणि वेळेवर थांबवतात. तू दिवाळीपासून रोज रात्री लावतेयस आणि बघणारं कोणीच नाही.

सुरुवातीला चेहरा असा काही उजळतो की बाई शेजारणीलाही तेच नाव सांगते. पुढे कातडी पातळ होते. गालावर बारीक लाल शिरा उमटतात, पुटकुळ्या येतात, कुणाला लव वाढते. दोन रात्री चुकल्या की आग, लाली, आणि डाग पहिल्यापेक्षा गडद. मग घाबरून पुन्हा तीच ट्यूब. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे इतकं पाहिलंय की त्याला नावच दिलं, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइड मलमाने बिघडलेला चेहरा. 2018 साली सरकारने 14 स्टेरॉइड मलमांची सवलत काढून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या यादीत, आणली. कागदावर. दुकानात काय होतं ते सांगते. बाई नाव घेत नाहीत. पर्समधून कागदात गुंडाळलेली ट्यूब काढतात, शेवटचा थेंब निघावा म्हणून कात्रीने आडवी कापलेली, आणि हळूच म्हणतात, 'हीच द्या.' मी चिठ्ठी मागितली की 'राहू दे' म्हणून निघतात. चार दुकानं सोडून पुढे त्यांना मिळते, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

तुझ्या फोटोत नाकपुडीच्या कडेला त्या लाल रेषा दिसतायत. म्हणून दुसरी ट्यूब आणू नकोस. पण आहे ती मनानेच आज फेकूनही देऊ नकोस, कारण इतके महिने लावून एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो आणि तू घाबरून पुन्हा तिथेच जाशील. ती कशी सोडवायची, अंतर वाढवत की मधे हलकं काही देऊन, ते डॉक्टर ठरवतील. याच आठवड्यात जा. सोलापूरला जा, बार्शीत बघ, पण एम.डी. किंवा डी.व्ही.डी. अशी त्वचेची पदवी असलेल्यांकडेच जा. 'स्किन अँड हेअर'ची पाटी कोणीही लावतं. जाताना ट्यूब पर्समध्ये टाक. ती दाखवायची लाज वाटून 'काही नाही, साधी क्रीम' म्हणालीस तर त्यांना निदानच चुकीचं करायला लावशील.

आता डागांविषयी. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही गालांवर सारखे, नकाशासारखे, वरच्या ओठावर मिशीसारखी सावली, आणि धाकट्याच्या वेळी सुरुवात, हे ऐकून कोणीही वांगच म्हणेल. पोट साफ नसल्यामुळे किंवा यकृत बिघडल्यामुळे येतो हे सासूबाईंचं म्हणणं सोडून दे. त्याची कारणं म्हणजे गरोदरपणातली किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमधली संप्रेरकं, घराण्यातला कल आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ऊन. तुझ्या आईच्या गालावर होता, आठवतंय ना? त्यात तू सकाळ-दुपार स्कूटीवर, तेही सोलापूर जिल्ह्यातलं ऊन. कातडीतल्या रंग करणाऱ्या पेशी एकदा अशा चिडल्या की थोड्याशा उन्हानेही पुन्हा कामाला लागतात. वांग बरा होतो म्हणण्यापेक्षा आटोक्यात राहतो म्हणणं खरं.

तुझ्या शाल्मलीच्या हनुवटीवरचे डाग मात्र वेगळे. ते मुरुमं फोडल्याचे. सावळ्या कातडीत जिथे दाह झाला तिथे काळं उरतंच आणि महिनोन्‌महिने राहतं. आधी मुरुमांवर उपचार, हात लावणं बंद, डाग त्यामागून जातात. तिला तुझी ट्यूब लावू देऊ नकोस. आणि विषय निघालाय म्हणून, भाऊजींच्या मानेवर जो काळा, मखमलीसारखा पट्टा आहे ना, तो मळ नाही. वजन आणि इन्सुलिनचा मामला असतो बहुतेक वेळा. घासणीने मान सोलून काढण्यापेक्षा साखर तपासून घ्या, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारीही. रागावले तर माझं नाव सांग.

सनस्क्रीनवर मी तुझं डोकं खाणार आहे, कारण त्याच्याशिवाय बाकीचं सगळं पाण्यात. तू म्हणालीस, 'लावते की.' किती लावतेस? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत रेघ ओढ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. ते साधारण एक ग्रॅम भरतं. घरून निघताना एकदा आणि मधल्या सुट्टीत एकदा धरलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. माझ्याकडून पाडव्याला नेलेली ट्यूब दसऱ्यापर्यंत वापरणाऱ्या बायका मला सांगतात की सनस्क्रीनचा गुण येत नाही!

एस.पी.एफ. 30 पुरे, 50 मिळालं तर उत्तम. पण तो आकडा फक्त कातडी भाजणाऱ्या किरणांचा. रंग गडद करणारे यूव्हीए किरण वेगळे, त्यासाठी डबीवर पी.ए. आणि पुढे अधिकच्या खुणा बघ, तीन-चार असाव्यात. यूव्हीए काचेतूनही येतात, त्यामुळे स्टाफरूममधली ती खिडकीजवळची खुर्ची सोड. शिवाय आपल्यासारख्या रंगाच्या कातडीला नुसता दिसणारा प्रकाशही काळवंडवतो आणि पांढऱ्या सनस्क्रीनने तो अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, गव्हाळ रंगाची छटा असलेलं 'टिंटेड' मिळतं. वांगाला तेच घे. थोडं महाग पडतं, पण पार्लरच्या फेशियलचे पैसे त्यात वळव. आणि वर स्टोल. पुण्याच्या पोरी दरोडेखोरांसारखा चेहरा गुंडाळून गाडी चालवतात म्हणून आपण हसायचो, पण त्या शहाण्या आहेत. जाड सुती बांध, झिरझिरीत जॉर्जेटचा उपयोग नाही, आणि त्यावर हेल्मेट.

घरगुती उपायांचं थोडक्यात. लिंबू चेहऱ्याला बिलकुल नाही, ते लावून उन्हात गेलीस तर फोड येऊन नवे डाग पडतील. खायचा सोडा, टूथपेस्ट, जायफळ उगाळून खसाखसा चोळणं, नाही. जिथे घासशील तिथे काळं होईल. साय, बेसन, हळद हलक्या हाताने लावलीस तर बिघडत काही नाही, वांग मात्र त्याने जाणार नाही. कपाळावर कुंकवाच्या जागीच काळसर आणि खाज असेल तर कुंकू काही दिवस बंद करून बघ, त्यातल्या रंगांची कित्येकींना ॲलर्जी असते. केसांच्या रंगाचंही तसंच, कानशिलं काळवंडतात.

डॉक्टर तुला बहुधा अझेलिक ॲसिड, कोजिक, नायसिनामाइड असलं काही लावायला देतील. अझेलिक सुरुवातीला चुणचुणतं, म्हणून टाकून देऊ नकोस, त्यांना सांग. कदाचित ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्याही लिहून देतील, आणि स्ट्रिप बघून तू चक्रावशील, कारण मागे अंगावरून जास्त जात होतं तेव्हा तुला तीच दिली होती. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी 1962 साली हे औषध रक्तस्राव थांबवायला शोधलं. पुढे 1979 मध्ये तिथल्याच एका डॉक्टरांना अंगावर गांध्या उठणाऱ्या रुग्णावर ते वापरताना दिसलं की चेहऱ्यावरचा वांगही फिका पडतोय. उपयोगी औषध आहे, पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका असणाऱ्यांना देत नाहीत. तू गर्भनिरोधक गोळी अजून घेतेयस का? आणि पुतणीच्या लग्नात पाळी नको म्हणून तू ती पुढे ढकलायच्या गोळ्या घेणार, हे मी तुला ओळखून सांगते. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांग. मामांच्या पायात गुठळी झाली होती तेही.

पुतणीच्या लग्नाचं टेन्शन मला कळतं. मे महिना आणि तोही मांडवात. खरं सांगायचं तर उद्यापासून सगळं नेमाने केलंस तरी फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, रंग खोलवर असेल तर त्याहून जास्त. कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना जातो. तेव्हा लग्नापर्यंत थोडा फिकट, एवढंच धर. त्या दिवशी कन्सीलर लाव, फोटोत काही दिसत नाही. 'ब्रायडल पील', म्हणजे वरचा थर सोलून काढणं, किंवा लेसरचं पॅकेज कोणी गळ्यात मारायला आलं तर नाही म्हण. आपल्या रंगावर लेसर जपून वापरावा लागतो, उलटला की डाग दुप्पट होतात. ते शेवटी, तेही डॉक्टरांनी म्हटलं तर.

आणि तुझी जाऊबाई दुबईहून आणते त्या डबीला हात लावू नकोस. ज्याच्यावर घटक लिहिलेले नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशा गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघतो. 2023 मध्ये अकोल्याची बातमी आली होती, एकाच घरातल्या आई आणि दोघी मुली अशीच क्रीम लावत होत्या आणि तिघींची मूत्रपिंडं बिघडली.

एक मात्र मला खुपतं. 1975 सालीच आपल्याकडे फेअर अँड लव्हली आली, 2020 मध्ये कंपनीने नावातलं 'फेअर' काढलं, पण माझ्या काउंटरवर अजून जुन्याच नावाने मागणी होते, सोळा वर्षांच्या पोरींचीही. तू फोनवर 'वांग जाऊन गोरी होईन का गं' म्हणालीस ना, ते मला बोचलं. वांग घालवायला डॉक्टर आहेत. तू सावळी आहेस, आणि कॉलेजात तुझ्यावर कोण कोण मरायचं याची यादी माझ्याकडे तयार आहे, भाऊजींच्या आधीची.

पार्लरवालीशी भांडायला जाऊ नकोस. ती स्वतःही तेच लावत असणार, तिलाही ट्यूबवरची रेघ दाखव. चेहऱ्याला तूर्त साधा सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर, ब्लीच, वॅक्स, स्क्रब सगळं बंद. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की चिठ्ठीचा फोटो पाठव. त्यांचं अक्षर तुला लागणार नाही, मला लागतं.

तुझी,
वैशू