पाच मीटर आधीचे झेंडे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी ठाणे पूर्वेला राहते, बँकेत नोकरी करते. माझी मुलगी सातव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहण्याचा प्रकार, पोहली. आता पोहत नाही. हे पत्र तिच्यासाठी नाही, तिची वेळ गेली. पण स्पर्धांमध्ये टाइमकीपर म्हणून मी अजूनही स्टॉपवॉच घेऊन उभी राहते. तेव्हा समोरच्या लेनमध्ये जी दहा-अकरा वर्षांची मुलं दिसतात, त्यांच्यासाठी लिहिते आहे, त्यांना वर्षभर रोज नीट सराव करता यावा म्हणून.

20 मार्च 2025 रोजी कर्स्टी कोव्हेंट्री यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली. पहिल्या महिला अध्यक्ष, पहिल्या आफ्रिकी अध्यक्ष. बातम्यांत याचंच अप्रूप होतं आणि ते योग्यच होतं. आमच्या घरातला आनंद मात्र निराळा होता. लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून कर्स्टींचं एक चित्र चिकटवलेलं आहे. पाण्यात पाठीवर, डोळे आभाळाकडे, एक हात खांद्यातून सरळ वर गेलेला. आमच्यासाठी त्या आधीपासून बॅकस्ट्रोकच्या कर्स्टी. आणि आपल्याला हे पत्र लिहायचं सुचलं ते त्यांच्या कारकिर्दीतल्या एका टप्प्यामुळे. सप्टेंबर 2018 पासून ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवड होईपर्यंत त्या झिम्बाब्वेच्या क्रीडामंत्री होत्या. आपण बसता तशाच खुर्चीत बॅकस्ट्रोकची एक विश्वविक्रमवीर बसली होती. मंत्री म्हणून त्यांच्यावर टीकाही बरीच झाली, तो विषय वेगळा. मला बोलायचंय ते त्यांच्या पोहण्याबद्दल.

कर्स्टींचा जन्म 1983 चा, हरारेचा. 2000 साली सिडनी ऑलिंपिकला त्या पोहल्या तेव्हा नुकतीच सतरा वर्षं पूर्ण झाली होती. पदक मिळालं नाही. चार वर्षांनी अथेन्सला 200 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुवर्ण, 100 मीटरमध्ये रौप्य, शिवाय 200 मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकार एकापाठोपाठ पोहण्याच्या शर्यतीत, ब्राँझ. 2008 ला बीजिंगमध्ये तीन रौप्यपदकं, आणि 200 मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण पुन्हा, 2 मिनिटं 5.24 सेकंदांच्या विश्वविक्रमासह. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी हंगेरीच्या क्रिस्टिना एगरसेगीचा 1991 पासून कुणालाच न मोडता आलेला विक्रम मोडला होता. एगरसेगीने हीच शर्यत 1988, 1992 आणि 1996 अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकली. पहिलं सुवर्ण घेतलं तेव्हा ती 14 वर्षांची होती. कर्स्टी 2012 ला लंडनलाही पोहल्या आणि 2016 ला रिओलाही. पाच ऑलिंपिक, सात पदकं. झिम्बाब्वेला आजवर ऑलिंपिकमध्ये एकूण आठच पदकं मिळाली आहेत. आठवं 1980 च्या मॉस्कोतलं, महिला हॉकीचं. बाकी सगळी या एका बाईची.

पण साहेब, या कारकिर्दीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सिडनी आणि अथेन्स यांच्या मधली चार वर्षं. सतरा ते वीस. त्या काळात त्या अमेरिकेत अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात गेल्या. तिथे कॉलेजही होतं आणि तलावही. एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही. आमच्या मुलांच्या हातून पोहणं सुटतं ते नेमकं याच वयात, किंवा त्याच्याही थोडं आधी.

आता बॅकस्ट्रोकबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या वडिलांची पिढी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. त्यांच्या लेखी उताणं पोहणं म्हणजे दमल्यावर घेतलेला विसावा. शर्यतीत तसं नसतं. पोहण्याच्या चारही प्रकारांत बॅकस्ट्रोक हा एकच प्रकार असा, की त्यात पोहणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. सुरुवातसुद्धा पाण्यातूनच, भिंतीला पाय लावून. मग पाण्याखालून डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जुळवून लाथा, मारत जायचं, पण 15 मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे, म्हणून लेनच्या दोरीवर तिथे वेगळ्या रंगाची खूण असते. वर छत असेल तर छताच्या रेषेवरून दिशा धरता येते. आपल्याकडचे बरेच तलाव उघडे. उन्हाळ्यात थेट डोळ्यांत सूर्य, जुलैत तोंडावर पावसाचे सपकारे. मूल तिरकं होत जातं आणि लेनच्या दोरीवर हात आपटून घेतं.

आणि शेवटी येते ती भिंत. ती न बघता गाठायची असते. त्यासाठी जगभर एकच सोय आहे: भिंतीच्या पाच मीटर आधी, पाण्यापासून किमान 1.8 मीटर उंचीवर, तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरीला बांधलेले छोटे तिकोनी झेंडे. डोळ्यांवरून झेंडे गेले की मोजायला लागायचं. स्पर्धेत माझी मुलगी चार हात मोजायची आणि टर्न घ्यायची. नवव्या वर्षी तिचे सहा हात व्हायचे, उंची वाढली तसे पाच झाले, मग चार. हे गणित शरीरात मुरायला वर्षं लागतात, आणि ते मुरतं रोज झेंडे पाहिले तरच.

ती शिकली त्या तलावावर झेंडे नव्हते. तलावाचं नाव मी घेत नाही. एका ठिकाणाला धारेवर धरायचं नाही मला, आणि टाइमकीपिंगला जाते तिथेही मी हेच पाहते. खांब होते. स्पर्धेच्या दिवशी दोरी बांधली जायची आणि बक्षीस समारंभ संपला की सोडली जायची. एरवी वर्षभर मुलं अंदाजाने पोहायची. बारा वर्षांची असताना एका सकाळी तिचा अंदाज एका हाताने चुकला. डोक्याला मागच्या बाजूला तीन टाके पडले. जखम पंधरा दिवसांत भरली. पण त्यानंतर कितीतरी महिने ती भिंत जवळ आली की मान वळवून मागे पाहायची. मान वळली की खांदा बुडतो, खांदा बुडला की वेग जातो. सर बिचारे ओरडून ओरडून थकले. मी काठावर बसून ते बघायचे आणि मला कळायचं, की हा दोष तिचा नाही. तिला बॅकस्ट्रोकच्या भिंतीची भीती शिकवली ती पन्नास-शंभर कापडी तुकड्यांच्या एका दोरीच्या अभावाने.

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे. चेंदणी कोळीवाड्यातली जुनी माणसं खाडीत पोहल्याच्या आठवणी सांगतात. पाण्याची ओढ इथल्या मातीत आहे. पण शर्यतीचं पोहणं 50 मीटरच्या तलावात होतं आणि आमची मुलं बहुतेक 25 मीटरमध्ये सराव करतात. 100 मीटरच्या शर्यतीत 25 मीटरच्या तलावात तीन टर्न येतात, 50 मीटरच्या तलावात एकच. दर टर्नला भिंतीला पायाने रेटा देऊन मिळणारा वेग आणि तेवढीच हातांना उसंत, ही सवय झालेलं मूल मोठ्या तलावात तिसाव्या मीटरनंतर एकटं पडतं. म्हणून आम्ही पहिल्या लोकलने दादर गाठायचो, शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव. आठवड्यातून दोनदा, तेही शाळा सांभाळून. पुण्याला बालेवाडीत 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं उत्तम संकुल आहे, पण ते रोज जाण्याच्या अंतरावर नाही.

शालेय जलतरण स्पर्धांचे गट आहेत 14, 17 आणि 19 वर्षांखालील. आपण कधी तिन्ही गटांच्या हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, एका दिवसात सलग पाहाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. चौदाखालच्या गटात काठावर पाय ठेवायला जागा नसते. सतराच्या गटात पालकांचा घोळका अर्धा होतो. एकोणीसच्या गटात, विशेषतः मुलींच्या, कधी कधी लेन रिकाम्या सोडाव्या लागतात. ही मुलं हरून गेलेली नसतात. दहावी आली, क्लासची वेळ सकाळी सहाची झाली, तलावाची स्पर्धकांची बॅच साडेसातची झाली, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही. त्यात दुरुस्ती निघाली की तलाव दोन-दोन महिने बंद. पोहणाऱ्याच्या हाताला पाण्याचा जो अंदाज आलेला असतो तो पंधरा दिवस पाणी सुटलं तरी हरवतो. माझ्या मुलीचं पोहणं कुठल्याही एका दिवशी सुटलं नाही. अकरावीच्या वर्षात आठवड्याचे सहा दिवस चार झाले, चाराचे दोन, आणि दिवाळीनंतर एके दिवशी तिने किटबॅग धुऊन वाळत घातली ती पुन्हा भरलीच नाही. मी तिला एका शब्दानेही विचारलं नाही, त्याची टोचणी मला आजही आहे.

आपल्या राज्याने वीरधवल खाडे यांच्यासारखा जलतरणपटू दिला. कोल्हापूरचा मुलगा 2008 ला बीजिंगमध्ये पोहला, 2010 ला ग्वांगझूच्या आशियाई खेळांत 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ घेऊन आला. शासनाने तहसीलदारपद देऊन त्यांचा गौरव केला. पण नोकरीची वर्षं पाण्याबाहेर गेली. परत येऊन 2018 ला जकार्तात ते 50 मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलमध्ये पोहले आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ हुकलं. त्या मधल्या वर्षांत त्यांना रोज तलाव मिळाला असता तर, हा विचार मला स्टॉपवॉच हातात घेतलं की दर वेळी येतो.

आणि बॅकस्ट्रोक हा भारताच्या आवाक्याबाहेरचा प्रकार अजिबात नाही. टोकियो ऑलिंपिकला आपले तीन जलतरणपटू गेले, त्यातले दोन बॅकस्ट्रोकचे: बेंगळुरूचा श्रीहरी नटराज आणि अहमदाबादची माना पटेल. श्रीहरीने जून 2021 मध्ये रोमला 100 मीटर 53.77 सेकंदांत पोहून थेट पात्रतेची 53.85 ची वेळ गाठली. बेंगळुरूचं नाव घेतलं की आमच्याकडचे पालक उसासा टाकतात. काहींनी मुलांना सरावासाठी तिकडे पाठवलंही. ज्यांना ते परवडत नाही त्यांची मुलं पोहणं सोडतात.

2036 च्या ऑलिंपिकसाठी भारत इच्छुक आहे. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत. आज दहा वर्षांचं असलेलं मूल 2036 ला विशीत असेल, कर्स्टी अथेन्सला होत्या साधारण त्या वयात. ते मूल आज ठाण्यात, कळव्यात, नेरूळमध्ये कुठेतरी शिकाऊ बॅचमध्ये आहे.

माझं मागणं नवीन संकुलाचं नाही. जिथे जिथे सार्वजनिक तलावाला शासनाचा पैसा जातो, तिथे अनुदानासोबत एक अट घाला: रोज पहाटे पाच ते सात, किमान दोन लेन फक्त स्पर्धक मुलांसाठी. बारा महिने, परीक्षेच्या काळातही. दुरुस्ती असेल तेव्हा शेजारच्या तलावात त्यांची सोय. आणि झेंड्यांची दोरी वर्षभर टांगलेली. तलाव पालिकेचा, विषय नगरविकासाचा, असं उत्तर मला याआधी मिळालं आहे. मुलांना खातं कळत नाही साहेब. आपण दोन्ही खात्यांना एका टेबलावर बसवू शकता, मी नाही बसवू शकत. आणि तलावांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या समितीत स्पर्धेत पोहलेलं एक तरी माणूस असू द्या. पाच मीटरचे झेंडे नसले तर काय होतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

मुलीला टाके पडले त्याच महिन्यात मी स्वतःच्या पैशाने अशी एक दोरी घेतली होती. लाल-पिवळे झेंडे, तलावाच्या रुंदीला पुरतील एवढे. बांधायला गेले तर परवानगी लागेल, अर्ज करा, असं सांगितलं. मी अर्ज केला, दोनदा केला. दोरी आमच्या माळ्यावर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. आपल्या कार्यालयातून एक ओळ आली तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी ती घेऊन तलावावर हजर असेन.

आपली,
ठाणे पूर्वेतील एक पालक